विंशोत्तरी दशेचा तक्ता : चोपडीवरून संगणकावर

८ नोव्हेंबर २०२४

आमच्या गावच्या महाराजांकडे (दारव्हा तालुक्यात आमच्या बाजूला जोशीबुवांना महाराजच म्हणतात) दशा काढायची हाताने लिहिलेली बांधीव चोपडी आहे. दशा म्हणजे आयुष्याचे ग्रहांना वाटून दिलेले काळ: मोठा तो महादशा, तिचे नऊ भाग अंतर्दशा, त्यांचे पुन्हा नऊ भाग विदशा. सगळी कोष्टकं त्यांच्या वडिलांच्या अक्षरात. पानांच्या कडा तुटायला लागल्यात आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही महाराजांना बारीक आकडे दिसत नाहीत. म्हणून जन्मवेळचा चंद्र भरला की विदशेपर्यंतच्या तारखा मराठीत छापून निघतील, असा स्प्रेडशीटचा तक्ता करायला घेतलाय. पत्रिका करणारे बरेच जण हे काम सुरू करतात आणि तारखा जुळत नाहीत म्हणून अर्ध्यात सोडतात. नोंदी त्यांच्यासाठी ठेवतोय.

माझं सेवा केंद्र आहे. दिवसा सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, त्यामुळे हे रात्रीचं काम. आजचा खर्च झेरॉक्सचे १४० रुपये. मूळ चोपडी महाराजांच्या पेटीत परत ठेवली.

११ नोव्हेंबर

ग्रहांची वर्षं भरली. महाराज ‘आ चं भौ रा जी श बु के शु’ म्हणतात, म्हणजे कृत्तिकेपासून एकेका नक्षत्राला एकेक स्वामी ग्रह मोजायचा, आणि जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात, त्याच्या स्वामीची दशा पहिली. त्यांची वर्षं: रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७, केतू ७, शुक्र २०. झेरॉक्समध्ये १६ आणि १९ सारखेच दिसत होते. बेरीज १२३ आली तेव्हा गुरूचा ६ सापडला. वर्षं भरून झाली की आधी १२० जुळवा, मगच पुढे जा.

अंतर्दशेला चोपडीतलीच युक्ती घेतली. दोन ग्रहांच्या वर्षांचा गुणाकार करायचा, शेवटचा आकडा बाजूला काढून उरतात ते महिने, आणि त्या शेवटच्या आकड्याची तिप्पट म्हणजे दिवस. शनीत बुध: १९ गुणिले १७ म्हणजे ३२३, म्हणून ३२ महिने ९ दिवस, म्हणजेच २ वर्षं ८ महिने ९ दिवस. विदशेसाठी तिन्ही ग्रहांच्या वर्षांचा गुणाकार भागिले ४०, उत्तर थेट दिवसांत. सगळ्यात लहान रवी-रवी-रवी, साडेपाच दिवसांच्या आतच संपते. सगळ्यात मोठी शुक्र-शुक्र-शुक्र, २०० दिवस. सगळा हिशोब ३० दिवसांच्या महिन्याचा आहे. हे लक्षात राहू द्या, पुढे यानेच घोळ झाला.

१३ नोव्हेंबर

पहिली चाचणी नापास.

नमुन्याला चंद्र घेतला कर्क राशीत ७ अंश ४० कला (६० कलांचा एक अंश). पुष्य कर्केच्या ३ अंश २० कलांना लागतं आणि प्रत्येक नक्षत्र ८०० कलांचं, म्हणजे २६० कला भुक्त (सरलेल्या), ५४० भोग्य (उरलेल्या). पुष्याचा स्वामी शनी, त्याची १९ वर्षं गुणिले ५४० भागिले ८०० केलं की १२.८२५ वर्षं, म्हणजे १२ वर्षं ९ महिने २७ दिवस. इथपर्यंत चोपडीशी जुळलं. पुढे तक्ता जन्माच्या दिवशी शनीत शनी सुरू करत होता आणि उरलेली पावणेतेरा वर्षं नऊ ग्रहांत वाटून टाकत होता.

महाराजांनी कागद डोळ्याजवळ धरला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “बापू, हे पोरगं जन्माले आलं तवा शनीची सहा वर्षं सरून गेली होती. शनीत शनी त्याच्या जन्माआधीच झाला ना!”

दुरुस्ती सोपी आहे. दशेची सुरुवात जन्माच्या मागे न्यायची, इथे ६ वर्षं २ महिने ३ दिवस, आणि तिथून नऊही अंतर्दशा पूर्ण लांबीच्या मांडायच्या. शनीत शनी ३ वर्षं ३ दिवस, मग बुध; दोन्ही मिळून ५ वर्षं ८ महिने १२ दिवस. म्हणजे जन्म शनीत केतूमध्ये, आणि केतूचे ७ महिने १८ दिवस बाकी. जन्मापूर्वीच्या ओळी छापायच्या नाहीत, पण पुसायच्याही नाहीत. नऊ अंतर्दशांची बेरीज बरोबर १९ वर्षं, शून्य महिने, शून्य दिवस यावी लागते, ती तपासायला त्या ओळी लागतातच.

१५ नोव्हेंबर

वीज गेली, न जपलेलं काम गेलं. जुन्या बॅटरीचा यूपीएस घेतला, १,८०० रुपये.

२० नोव्हेंबर

मतदान करून आलो. केंद्र बंद होतं म्हणून दिवसभर सलग बसता आलं.

महाराजांच्या वडिलांनी केलेल्या जुन्या पत्रिकांशी तक्ता ताडून पाहिला. लहान मुलांच्या तारखा जुळत होत्या, म्हाताऱ्यांच्या जुळत नव्हत्या, आणि वय वाढेल तसा फरक वाढत होता. साठीच्या माणसाची दशा तक्त्यात साडेदहा महिने आधीच बदलत होती. अशी वयाबरोबर वाढणारी चूक दिसली की सरळ वर्षाच्या लांबीकडे जावं. अंतर्दशेचे भाग ३० दिवसांच्या महिन्याने पडतात म्हणून तारखा मांडतानाही मी वर्ष ३६० दिवसांचं धरलं होतं. दर वर्षाला सव्वापाच दिवस कमी. साठ वर्षांत ३१५ दिवस, पूर्ण १२० वर्षांच्या चक्रात ६३० दिवस.

चोपडीत तसं नाही. तिथे १२ वर्षं ९ महिने म्हणजे जन्माच्या सालात सरळ १२ मिळवायचे, महिन्यात ९. महिना ३० दिवसांचा दिसतो, पण वर्ष कॅलेंडरचंच आहे, म्हणजे सौर. आता सगळे भाग दशांश वर्षांत ठेवून शेवटी ३६५.२५ ने गुणतो. जुन्या पत्रिकांशी एक-दोन दिवसांच्या आत जुळतं, तेवढा फरक महिन्यांच्या कमीजास्त दिवसांचा.

काही जण ३६० दिवसांचं सावन वर्षच धरतात, त्यांची ती परंपरा आहे. म्हणून वर्षाची लांबी वरच्या एका चौकटीत ठेवली. मात्र जी घेतली ती छापील कागदाच्या तळाला आलीच पाहिजे. कोणतं वर्ष धरलं ते न लिहिता दिलेली दशेची तारीख दुसऱ्या कुणाला तपासता येत नाही.

२५ नोव्हेंबर

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो चंद्राने.

जन्माच्या जुन्या टिपणांत घड्याळाची वेळ नसते. ‘इष्ट घटी १४ पळे ३५’ असं असतं. घटी २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, म्हणजे सूर्योदयानंतर ५ तास ५० मिनिटं. जुन्या पंचांगातही नक्षत्र संपल्याची वेळ घटी-पळांतच असते. म्हणून पेटीतली पंचांगं काढली (काही वाळवीने खाल्लेली, चैत्र-वैशाख गायब) आणि भयात-भभोगाने भोग्य दशा काढली: नक्षत्राच्या किती घटी गेल्या, एकूण किती, त्या प्रमाणात वर्षं. त्याच जन्मांची चंद्रस्पष्टावरून (चंद्राच्या नेमक्या अंश-कलांवरून) काढलेली दशा वेगळी येत होती. पुष्यावरच्या पत्रिकेत सव्वातीन महिने, आर्द्रेवरच्या पत्रिकेत त्याच्या थोडं कमी, आणि प्रत्येक वेळी पंचांगाची दशा लवकर संपणारी.

पंचांग मुंबईचं होतं. त्यातल्या घटी मुंबईच्या सूर्योदयापासूनच्या, टिपणातल्या आमच्या गावच्या सूर्योदयापासूनच्या. मुंबई ७२ अंश ५० कला रेखांशावर, यवतमाळ ७८ अंश ८ कलांवर. अंशाला चार मिनिटं धरली की २१ मिनिटं, म्हणजे सुमारे ५३ पळं. एवढा देशांतर संस्कार पंचांगाच्या वेळेत मिळवला आणि सगळं जागेवर आलं. आजच्या पंचांगांत घड्याळाची वेळ छापलेली असते, तिथे हा प्रश्न येत नाही.

याच्या उलट चूकही होते. जन्मवेळ घड्याळाची, भारतीय प्रमाणवेळेत असेल तर दशेसाठी गावाच्या रेखांशाचा संस्कार चंद्राला लावायचा नाही. तो लग्नराशीसाठी, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीसाठी. चंद्र एका क्षणाला सगळ्या देशासाठी एकाच अंशावर असतो.

त्याहून जुनी पंचांगं ग्रहलाघवावरची आहेत. तो ग्रंथ शके १४४२ चा, आणि त्यातला चंद्र आजच्या वेधाशी काही घटींनी चुकतो. अशा टिपणातली तिथी आणि इष्टकाल घ्या, नक्षत्राची भुक्त-भोग्य मात्र घेऊ नका. चंद्र नव्याने काढा.

२८ नोव्हेंबर

तालुक्याहून संगणकावर काढून आणलेली एक पत्रिका आमच्या तक्त्याहून सुमारे ५० दिवस मागेपुढे निघाली. जन्म शनीच्या नक्षत्रावरचा. दोन्हीकडे जन्मवेळ तीच, वर्ष ३६५.२५ चंच. त्या पत्रिकेच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत ‘कृष्णमूर्ती अयनांश’ लिहिलेलं सापडलं. अयनांश म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या अंशांतून वजा करायचा आकडा; तो बदलला की चंद्राचे अंश बदलतात. कृष्णमूर्तींचा लाहिरी म्हणजे चित्रापक्ष अयनांशापेक्षा सुमारे ६ कलांनी कमी. ८०० कलांत १९ वर्षं, तर ६ कलांत साधारण ५० दिवस. दोन्ही पत्रिका आपापल्या जागी बरोबर.

टिळक पंचांगावरून केलेल्या पत्रिकांचा फरक यापेक्षा फार मोठा. तिथे अयनांश रेवती ताऱ्यावरून, चित्रापक्षाहून जवळपास ४ अंश कमी. म्हणजे दहांपैकी तीन जन्मांत नक्षत्रच बदलतं आणि पहिल्या दशेचा ग्रहच दुसरा येतो. आमच्या भागात काही घराण्यांत तीच परंपरा आहे. त्यांच्या पत्रिकेतली भोग्य दशा उचलून चित्रापक्षाच्या तक्त्यात भरू नका.

आम्ही चित्रापक्ष ठेवला. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने २१ मार्च १९५६ साठी २३ अंश १५ कला हा आकडा धरला, आणि आजची बहुतेक पंचांगं त्याच वाटेने जातात, त्यामुळे पडताळा घ्यायला सोपं जातं.

४ डिसेंबर

या कामात मला सापडलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट आज लिहितो.

जन्मवेळ किती मिनिटांनी चुकली तर दशा किती दिवसांनी सरकते? चंद्र सरासरी तासाला ३३ कला चालतो. हिशोब करत गेलो तर फार सुटसुटीत नियम निघाला: शंकेची मिनिटं गुणिले जन्मनक्षत्राच्या स्वामीची वर्षं, भागिले ४. उत्तर दिवसांत. भरणी, पूर्वा किंवा पूर्वाषाढावर जन्म असेल तर शुक्राची २० वर्षं, मग चार मिनिटांची चूक म्हणजे २० दिवस. कृत्तिकेवर जन्म, रवीची ६ वर्षं, तीच चार मिनिटं म्हणजे फक्त ६ दिवस. चंद्र जलद असेल तर आकडा सहाव्या हिश्शाने वाढतो, एवढंच.

आणि ही सरक पुढच्या सगळ्या दशांना जशीच्या तशी लागते. आज गुरूची दशा चालू असो की बुधाची, शंका ठरते ती जन्माच्या वेळच्या ग्रहावरून.

हे महत्त्वाचं का, ते परवा केंद्रातच दिसलं. गावातले एक काका आले. मोबाइलवर पत्रिका काढलेली. राहूची विदशा १७ तारखेला संपते, म्हणून बोअरची गाडी १८ ला बोलवायची, असं त्यांनी ठरवलेलं. बोअरवाला आत्ताच या म्हणत होता, पुढच्या आठवड्यात त्याची गाडी पुसदकडे जाणार होती. हरभरा पाण्याला आलेला. मी जन्मवेळ विचारली. तारीख आधारवरची, १ जुलै. त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून नाही तर १ जुलै लिहून टाकायचे. वेळ पुतण्याने दुपारी बारा भरली होती, कारण रकाना रिकामा सोडला की पत्रिका पुढे सरकत नव्हती.

“मंग हे १८ तारीख खोटी हाये का?” काकांनी विचारलं.

“गणित बरोबर आहे काका. पण ते ज्या वेळेवर मांडलं ती वेळ तुमची नाही,” मी म्हणालो.

त्यांना महाराजांकडे घेऊन गेलो. महाराजांनी मोबाइल पाहिलाच नाही. चालू पंचांग काढलं, जवळचा चांगला दिवस दिला. “मुहूर्ताले जन्मवेळ लागत नाई. ज्याची वेळ नाई त्याले दशेची तारीख देणं पाप हाये.” गाडी त्याच आठवड्यात शेतात उभी राहिली.

दशेवर माझा विश्वास आहे, म्हणूनच हे मनाला लागलं. माणसं या तारखांवर लग्न थांबवतात, जमीन विकतात, दवाखाना पुढे ढकलतात. तेव्हा प्रत्येक तारखेशेजारी शंकेचे दिवस छापायचे, असं ठरवलं. तक्त्यात नवा रकाना: ‘जन्मवेळेची शंका, मिनिटांत’. तो भरल्याशिवाय पुढे काहीच छापलं जात नाही. आणि शंकेचे दिवस एखाद्या विदशेच्या निम्म्याहून जास्त झाले तर ती ओळ आपोआप कोरी राहते. अंतर्दशेलाही तोच नियम.

११ डिसेंबर

रात्रीच्या जन्मांचा घोळ. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. टिपणात ‘सोमवार, इष्ट घटी ५२’ असेल तर जन्म मंगळवारी पहाटे तीनच्या सुमाराचा. इंग्रजी तारीख सोमवारची धरली की चंद्र जवळपास अख्खं नक्षत्र मागे जातो. तारखेशेजारी वार दाखवणारा रकाना टाकला. टिपणातला वार आणि घटी दोन्ही समोर ठेवून तो बघायचा.

बैतूल-छिंदवाड्याकडून आलेल्या घरांच्या पत्रिकांत आणखी एक गोष्ट. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. त्यांचं आश्विन कृष्ण म्हणजे आपलं भाद्रपद वद्य. शुक्ल पक्षात फरक पडत नाही.

१५ डिसेंबर

नवीन नियमाची खरी परीक्षा. ओळखीच्या घरी आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे, त्यानिमित्त पत्रिका नव्याने लिहायची. शके १८६५ चा जन्म, तिथी टिपलेली, वेळ मात्र फक्त घरच्यांच्या सांगण्यातली: “सातची गाडी गेली अन् आई बाळंत झाली.” गाडी म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरो गेज, आमची शकुंतला, आता बंद असलेली.

शके १८६५ म्हणजे १९४३-४४. तेव्हा महायुद्धामुळे घड्याळं तासभर पुढे होती, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५. स्टेशनचे सात म्हणजे प्रमाणवेळेचे सहा. आजींचं नक्षत्र शततारका, स्वामी राहू, १८ वर्षं. ६० गुणिले १८ भागिले ४ म्हणजे २७० दिवस. एवढ्या एका तासाने आयुष्यभराच्या सगळ्या दशा नऊ महिने पुढे गेल्या. टिपणात घटी-पळं असती तर हा प्रश्नच आला नसता, सूर्य काही युद्धासाठी तासभर आधी उगवत नव्हता.

पडताळा जन्मनावाने घेतला. नक्षत्राचे चार चरण म्हणजे चार भाग, प्रत्येकाला एक अक्षर. शततारकेची अक्षरं गो, सा, सी, सू. आजींचं पाळण्यातलं नाव ‘सी’वरून, म्हणजे तिसरा चरण. सहा वाजताचा चंद्रही तिसऱ्याच चरणात येतो. गाडीच्या वेळेला अर्धा तास मागेपुढे धरला, म्हणजे शंका १३५ दिवसांची. तक्त्याने शुक्राची महादशा आणि अंतर्दशा छापल्या, आणि विदशांच्या सगळ्याच ओळी कोऱ्या सोडल्या, कारण चालू अंतर्दशेतली एकही विदशा २७० दिवसांची नाही. घरच्यांना आधी कागद अर्धवट वाटला. महाराजांनी समजावून सांगितलं तेव्हा पटलं.

२३ डिसेंबर

ज्यांची वेळ मुळीच माहीत नाही पण पाळण्यातलं नाव खात्रीचं आहे, त्यांच्यासाठी वेगळं पान केलं. अक्षरावरून चरण कळतो, चरण २०० कलांचा, म्हणजे भोग्य दशा चौथाईच्या अचूकतेने मिळते. पुष्यावर ‘हे’ अक्षर म्हणजे दुसरा चरण, तर शनीची साडेनऊ ते सव्वाचौदा वर्षं बाकी. या पानावर तारखा नाहीतच. ‘या वयापासून या वयाच्या दरम्यान’ एवढंच, आणि फक्त महादशा. आजकाल नाव आवडीने ठेवतात, म्हणून पाळण्यातलं नाव वेगळं होतं का, हे आजी-आत्यांना विचारून घ्या.

आणखी एक चौकट सगळ्या कागदांवर टाकली: साडेसाती या तक्त्यात नाही. ती चंद्ररास आणि तिच्या मागच्या-पुढच्या राशीतून शनीचं गोचर म्हणजे भ्रमण, साडेसात वर्षांचं. शनीची महादशा १९ वर्षांची, तिचा हिशोब जन्मनक्षत्रावरून. लोक दोन्ही एकच समजून घाबरतात, आणि पुष्यावर जन्मलेल्या लेकराच्या आईला तर नाहक धास्ती बसते.

५ जानेवारी २०२५

तूर काढणीत आठवडा गेला. आज महाराजांना मोठ्या अक्षरांतली छपाई दिली, आडव्या पानावर, एका पानात एक महादशा. आकडे त्यांना चष्म्याने वाचता आले. चोपडीची पानं कापडी कागदावर चिकटवून घेतली, दारव्ह्याच्या बाइंडरचे ४५० रुपये. प्रिंटिंगसकट आतापर्यंत साधारण ३,००० रुपये खर्च झाले, त्यातला निम्म्याहून जास्त यूपीएसचा, तो केंद्राच्या कामालाही येतो.

प्रत्येक पानाच्या तळाशी आता चार गोष्टी छापल्या जातात: अयनांश कोणता, वर्ष किती दिवसांचं, जन्मवेळ कुठून मिळाली, आणि तिच्यात किती मिनिटांची शंका. चौथी गोष्ट लिहून घेताना लोक सुरुवातीला ‘शून्य’ सांगतात. दवाखान्यातल्या दाखल्यावर वेळ असली तरी मी पाच मिनिटं धरतो. घरच्या बाळंतपणाला, घड्याळ पाहिलेलं असेल तर पंधरा. दिवेलागण, गायी घरी आल्या, कोंबडा आरवला, असल्या सांगण्याला निदान पाऊण तास.

योगिनी दशेचं ३६ वर्षांचं चक्र चोपडीत आहे, ते भरायचं बाकी आहे. मंगलेचं एक वर्ष ते संकटेची आठ, रचना हीच. शंकेचा रकाना तिलाही पहिल्या दिवसापासून लावणार आहे.